राडारोड्याला जागा द्या

उसाचा हंगाम संपला की बिद्री परिसरातले ट्रॅक्टर मोकळे होतात आणि त्याच सुमारास घरबांधणीलाही जोर येतो. पूर्वी जुने घर उतरवले, तर लाकूड पुन्हा वापरात येई, कौले शाकारणीला लागत आणि भिंतींची माती शेतात जाई. टाकून द्यावे असे फार थोडे उरे. आज काँक्रीटचे तुकडे, फरशा, सिमेंटच्या पिशव्या, थर्माकोल आणि घरातला ओला-सुका कचरा एकाच ट्रॉलीत भरला जातो. ही ट्रॉली रिकामी कुठे करायची? गावाने जागाच ठरवली नसेल, तर ती ओढ्याच्या काठी किंवा रस्त्याकडेलाच ओतली जाणार. ओढा बुजला की पावसाळ्यात पाणी लोकांच्या दारात येते. 2019 आणि 2021 चे महापूर सोसलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला हे सांगायला नको.

बांधकामाचा कचरा वेगळा ठेवावा, तो रस्त्यात वा गटारात टाकू नये, हे 2016 च्या नियमांतच सांगितले होते. मात्र त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांचा रोख मुख्यतः शहरांवर होता, खेडी बहुतांशी बाहेर राहिली. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5 हजार वस्तीपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये धरले गेले. म्हणजे पूर्ण 5 हजारांच्या गावालाही जेमतेम 3 लाख. एवढ्यात एकट्या ग्रामपंचायतीने शास्त्रशुद्ध डेपो उभारावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून बिद्री आणि आसपासच्या गावांनी पूररेषेबाहेर एक सामाईक जागा घ्यावी. तिथे राडारोडा आणि घरगुती कचरा वेगवेगळा उतरवावा. निवडलेल्या विटा-दगडांचा भराव पाणंद रस्त्यांना चालतो. ओल्या कचऱ्याचे खत करण्यासाठी दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घ्यावा. ऊस पुरवणारी गावे त्याचीच आहेत. उरेल तेवढेच पुरावे. सगळे एकत्र ओतत गेले की काय होते, हे कोल्हापूरने कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरील कचऱ्याच्या डोंगरात पाहिले आहे.

जिल्हा परिषदेने जागेचा प्रश्न येत्या पावसाळ्यापूर्वी सोडवावा. ग्रामपंचायतींनी बांधकामाची परवानगी देतानाच राडारोडा कुठे जाणार, हे लिहून घ्यावे.