तीन मालक आणि एक गळा

नाटक मंडळी फुटली की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला : भांडण कशावरून झाले? जणू मंडळी म्हणजे भाऊबंदकीचे घर! पण भांडणाआधी खर्चाची वही पाहावी.

किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले. पुढे १९१८ साली त्याच घरातून आणखी तिघे निघाले : चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि अवघ्या सतरा वर्षांचे मास्टर दीनानाथ. त्यांची ‘बलवंत संगीत मंडळी’. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. त्यांचे ‘भावबंधन’ याच मंडळीने गाजविले. लतिका दीनानाथांची, घनश्याम कोल्हटकरांचा. (वर्गात हे नाटक शिकवताना पाहतो, पोरांना अजूनही घनश्यामच आवडतो!)

आम्हा रत्नागिरीकरांना या मंडळीचे अगत्य अधिक. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. त्यांचे ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ साली बलवंतने रंगभूमीवर आणले, चाली वझेबुवांच्या. दीनानाथांची ती चपळ, तलवारीसारखी तान अशा नाटकासाठीच जन्माला आली होती.

पण मालक तीन असले तरी तिकीट खपायचे ते एका गळ्यावर. तो गळा बसला की खेळ बंद, आणि खेळ बंद असला तरी बिऱ्हाडातली चूल पेटलेलीच. नट, साथीदार, आचारी, पडदे, पेट्या, गावोगावचे भाडे : या वहीपुढे दोस्ती किती दिवस टिकणार? त्यात त्याच १९३१ साली ‘आलम आरा’ निघाला, पुढच्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’. बोलपटाला ना मुक्काम लागतो, ना जेवणावळ.

मग बलवंतनेही सांगलीत बोलपटाचा घाट घातला. १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ चालला नाही, आणि मंडळीची मोडणी झाली. दैवाला दोष देणारे देतात, दीनानाथांच्या सढळ हाताला देणारेही आहेत. मला विचाराल तर, एक गळा जेवढे पोसू शकतो त्याहून पंगत मोठी होती.

दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात वारले. वय अवघे एकेचाळीस. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची. त्याच वर्षी ती ‘पहिली मंगळागौर’मध्ये कामाला लागली. म्हणजे पुन्हा बोलपटातच!

कोल्हटकरांनी पुढे ‘बहुरूपी’ लिहिले. १९५७ चे ते आत्मचरित्र सुटीत मिळवून जरूर वाचा.