‘घाईत झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता कॉपी-पेस्ट केलं, फॉन्ट एकसारखा केला, की झाली असाइनमेंट! सरांनी विचारलंच तर उत्तर तयार असतं, ‘सर, थोडं घाईत झालं.’

पहिल्या इंटर्नशिपमध्ये मीही हेच म्हणाले होते. एका निधनवार्तेत मी गेलेल्या आजोबांच्या जागी त्यांच्या मुलाचं नाव टाकलं. छापूनही आलं. दुसऱ्या दिवशी ते काका स्वतः कात्रण घेऊन आले. ओरडले नाहीत, नुसतं कात्रण टेबलावर ठेवलं. सीनियर मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘घाई नाही ही. स्लिपशॉड काम आहे.’

मी डिक्शनरी उघडली. स्लिपशॉड म्हणजे मुळात ढिल्या सपाता पायात सरकवून फटक-फटक चालणारा. काम चालू, पण लक्ष ठिकाणावर नाही.

मग बाकीचे शब्दही बघत गेले. ‘शॉडी’ हे तर कापडाचंच नाव! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या गिरण्या लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यापासून स्वस्त कापड विणायच्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) सैनिकांचे तसले गणवेश अंगावरच विरले आणि शब्द बदनाम झाला. तसं सूत आज आपल्या पानिपतातही निघतं. ‘परफंक्टरी’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘उरकून टाकणं’ आहे, म्हणजे आपलं पाट्या टाकणं. ‘हाफ-बेक्ड’मध्ये हात नाही, विचारच कच्चा असतो.

गंमत बघा, प्रत्येक शब्द वेगळी चूक दाखवतो. माल हलका, लक्ष नाही, मन नाही, की विचार अर्धवट? उपायही मग वेगळा. ‘घाईत झालं’ म्हटलं की सगळा दोष घड्याळावर जातो आणि आपण सुटतो.

माझ्याकडे त्या दिवशी चांगला अर्धा तास होता. मी रील्स बघत होते.

शब्द आपल्याकडेही आहेत की! थातूरमातूर, वरवरचं, पाट्या टाकणं. फक्त ते आपण नगरपालिकेच्या खड्ड्यांसाठी आणि ग्रुपमधल्या दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो. पुढच्या सबमिशनआधी एकदा स्वतःच्या कामाला लावून बघा. कुठला शब्द चपखल बसतोय? बसला, तर अजून दुरुस्तीला वेळ आहे. छापून आल्यावर नसतो.