दहा किलोमीटर आणि ड्रीम रनवाल्यांनो, रविवारी निघण्याआधी एवढं वाचा

जानेवारीतला तिसरा रविवार, म्हणजे मुंबई मॅरेथॉन, तोंडावर आली आहे. बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्यांच्या पाठीशी कोच असतो, महिनोन्‌महिने केलेला सराव असतो. हे आवाहन त्यांच्यासाठी नाही. ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपबरोबर दहा किलोमीटर किंवा साधारण सहा किलोमीटरची ड्रीम रन धावायला येणाऱ्यांनी मात्र कृपया लक्ष द्यावं. ‘एवढंसं तर पळायचंय’ म्हणत नेमके तेच खाण्यापिण्याच्या बाबतीत बेफिकीर असतात.

सगळ्यात आधी मधुमेही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोस घेऊन उपाशीपोटी पळू नका. मनाने औषध बंदही करू नका. रविवारी डोस किती आणि केव्हा घ्यायचा, हे आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. सुरुवातीच्या रेषेकडे जाण्याआधी साखर तपासा. शंभरच्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, थोडं थांबा, पुन्हा तपासा. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी खिशात हवीच. बॅगेत ठेवलेली तिसऱ्या किलोमीटरला काय कामाची? हात थरथरले, दरदरून गार घाम आला, बोलताना शब्द अडखळले की तिथेच थांबा, साखर तोंडात टाका आणि शेजारच्याला सांगा.

दुसरी कळकळीची विनंती: ‘गुडघा दुखेल’ म्हणून आधीच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. धावताना मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह तसाही कमी झालेला असतो. त्यात घामाने पाणी गेलेलं, वर ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडांवर दुहेरी ताण. एवढा गुडघा दुखत असेल तर या वर्षी टाळ्या वाजवायला या.

आता जेवणाचं. तास-दीड तासाच्या धावेला लागणारी साखर स्नायूंत आणि यकृतात साठलेली असते. त्यामुळे शनिवारी रात्री ताटभर पास्ता रिचवायची गरज नाही. संक्रांत नुकतीच झालेली असते, डब्यात गुळाच्या पोळ्या असतात. तुपाची धार सोडून चार खाण्याची ही रात्र नव्हे. शनिवारचा उपवास करणाऱ्यांनी तो साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याच्या आमटीवर काढून तसंच झोपू नये. तेलकट-तुपकट पोटातून हलायला वेळ लागतो. उपवास लवकर सोडा, साधा वरणभात खा.

रविवारी विरार, कल्याण, पनवेलहून पहिली लोकल पकडणारे बहुतेकजण काहीच न खाता निघतात. घरून दोन इडल्या किंवा एखादं केळं आणि ब्रेडचे दोन स्लाइस खाऊन निघा. तेही जमलं नाही तर गाडीत खा. भरपेट खाल्लंत तर धावेआधी दोन-तीन तास जायला हवेत, नुसतं केळं असेल तर अर्धा-पाऊण तास पुरे. दहा किलोमीटरवाले पहाटे सुटतात, ड्रीम रन बरीच उशिरा, ऊन चढू लागल्यावर. साडेचारला खाल्लेलं तोवर केव्हाच जिरतं, म्हणून ड्रीम रनवाल्यांनी जास्तीचं केळं जवळ ठेवावं. सीएसएमटीबाहेरचा वडापाव धावून झाल्यावर. रोजचा चहा खुशाल घ्या. कुणी हातावर ठेवलेलं, कधी न चाखलेलं जेल मात्र नको.

पाण्याचा अतिरेकही वाईट. धावेआधी दोन तास एक-दोन ग्लास, मग तहानेपुरते घोट. लघवी फिकट पिवळी असली की झालं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. त्यामागचं मोठं कारण गरजेपेक्षा जास्त पिणं हेच होतं. ती लांबची शर्यत होती हे खरं, पण रेषेवर उभं राहून लिटरभर पाणी घटाघटा पिणारे आपल्याकडेही दिसतात. आणि ओआरएसची लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. ते पाणी दुप्पट खारट होतं, मळमळतं, काहींना जुलाब होतात. तिथल्या शौचालयांच्या रांगा तुम्हाला ठाऊक आहेतच.

बिब हातात आला की त्याच्या मागे रक्तगट, आजार, चालू औषधं आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा. तुमच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदाच धावणारं कुणी असेल, तर त्याला हे आजच वाचायला द्या.