खळ्यावरील थट्टामस्करी

'मस्करीची कुस्करी होते' ही म्हण आपणां सर्वांस परिचित आहे. मळणी यंत्राजवळ मात्र ती शब्दशः खरी ठरू शकते. म्हणून शेतकरी बंधुभगिनींपुढे या विषयावर चार शब्द मांडणे मला अगत्याचे वाटते.

मागील खरीप सुगीत दुधना नदीच्या काठी एका गावी सोयाबीनची मळणी पाहण्याचा योग आला. ट्रॅक्टरवर चालणारे यंत्र, भोवती सात-आठ माणसे, आणि कोण अधिक भराभर काड घालतो याची पैज लागलेली. इतक्यात एका तरुणाने कवळा घालणाऱ्या सोबत्याचे उपरणे मागून गमतीने ओढले. सोबती दचकला, त्याचा तोल गेला आणि त्याचा हात यंत्राच्या तोंडापासून वीतभर अंतरावर टेकला. सारे हसले. तोही हसला, परंतु त्याच्या हाताचा कंप पुढे बराच वेळ थांबला नाही.

त्या तरुणाच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी जाणतो. खळ्यावर हसावे-बोलावे ही आपली जुनी रीत आहे. तिवड्याभोवती बैलांची पात फिरे, तेव्हा थट्टेने श्रम हलके होत. कोणी धडपडला तर 'हो' म्हणताच बैल थांबत. यंत्राला कान नाहीत. बैलांच्या खळ्यावरची मोकळीक आपण यंत्राच्या खळ्यावर जशीच्या तशी आणली, ही खरी चूक आहे.

थोडा हिशोब करून पाहावा. ट्रॅक्टरच्या मागील दांडा यंत्र चालविताना सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदाला ९. दांडा ५ सेंटिमीटर जाडीचा धरला, तर त्यात अडकलेले वस्त्र एका सेकंदात सुमारे १४० सेंटिमीटर गुंडाळले जाते. धोका ध्यानी येऊन अंग मागे घेण्यास माणसाला पाव सेकंद लागला असे मानले, तरी तेवढ्यात हातभराच्या जवळपास पदर, उपरणे किंवा धोतराचा सोगा आत गेलेला असतो. ट्रॅक्टर बंद केला तरी यंत्राचे जड चाक काही काळ फिरतच राहते. मग 'अरे, थांब!' या हाकेचा उपयोग काय?

काही जण म्हणतील, 'साहेब, हसण्या-बोलण्यावाचून दिवसभराचे काम उरकेल कसे?' हा आक्षेप मी अमान्य करीत नाही. हसू नये असे माझे म्हणणे नाही. ते यंत्रापासून दहा पावले दूर, गंजीपाशी किंवा न्याहारीच्या वेळी असावे. यंत्राजवळ ढकलणे, ओढणे, दचकविणे, अंगावर काड फेकणे, फिरता दांडा ओलांडणे आणि पैजा लावणे पूर्णपणे वर्ज्य मानावे. कडबाकुट्टी यंत्रासही हाच नियम लागू आहे.

ही शिस्त मजुरांवर सोपवून चालणार नाही. शेतमालकाने व यंत्रमालकाने पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात. काड घालण्याची पन्हळ मानकाप्रमाणे किमान ९० सेंटिमीटर लांब असावी व तिचा किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. फिरत्या दांड्यावर व पट्ट्यांवर आच्छादन असावे. काड घालणारा माणूस ठराविक वेळाने बदलावा. मुलांना व मद्य घेतलेल्या माणसाला खळ्यावर उभे करू नये. क्विंटलमागे दर ठरला की घाई वाढते आणि रात्रीही काम चालते. थकलेल्या माणसाला क्षुल्लक धक्काही पुरतो.

कायद्याचीही जाणीव असावी. धोकादायक यंत्रांविषयी संसदेने १९८३ साली केलेल्या कायद्यात यंत्र चालविताना मृत्यू किंवा इजा झाल्यास नुकसानभरपाईची तरतूद आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे असलेल्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूस २ लाख, तर एक हात किंवा पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये साहाय्य ठेवले आहे. पण ही योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीपुरती आहे. यंत्रात काड घालणारा पुष्कळदा भूमिहीन मजूर असतो. त्याचे दोन हात हेच त्याचे शेत. ते गेले, तर कोणत्याही रकमेने परत येत नाहीत.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, येत्या सुगीत यंत्र सुरू करण्यापूर्वी नारळ फोडाल, तेव्हा जमलेल्या सर्वांना मालकाने एकच वाक्य स्पष्ट सांगावे: 'यंत्र फिरते आहे तोवर थट्टा बंद.' आणि जो ते मोडील, त्याला त्या दिवसापुरते यंत्रापासून दूरचे काम द्यावे. यात कोणाचा अपमान नाही. संध्याकाळी सर्वजण आपापले दोन्ही हात घेऊन घरी परतले, तरच ती सुगी आनंदाची म्हणावयाची.