पास काढा, पिक्चर बघा!

"आठवड्यातून दोन पिक्चर? तुला कामंधामं नाहीत का रे?"

हा प्रश्न मला ऑफिसात, सोसायटीत आणि डोंबिवली लोकलमध्ये इतक्यांदा विचारला गेलाय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. विचारणारे बहुतेक आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच कीबोर्ड बडवणारे. रोज रात्री "काय बघू, काय बघू" करत मोबाइलवर तासभर अंगठा झिजवणार आणि वर मलाच रिकामटेकडा म्हणणार. वा रे न्याय!

तर मंडळी, आधी हिशोब. पीव्हीआर आयनॉक्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'पासपोर्ट' आणला तेव्हा भाव होता महिन्याला ६९९ रुपयांत दहा सिनेमे. म्हणजे सिनेमाला सत्तर रुपये! पुढे २०२४ मध्ये ३४९ रुपयांत चार, असा धाकटा पासही आला. अटी होत्याच. सोमवार ते गुरुवारच चालणार, दिवसाला एकच सिनेमा, आयमॅक्ससारख्या महागड्या पडद्यांना लागू नाही, आणि ज्याच्या नावाचा पास त्यानेच जायचं. (अटी बदलत असतात, त्यामुळे घेण्याआधी वाचा. आपण दिवसभर 'आय अ‍ॅग्री'वर डोळे मिटून क्लिक करणारी जमात आहोत, म्हणून सांगतोय.)

पण पैसे वाचतात हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा रेल्वेच्या पासाचा आहे.

डोंबिवलीकराला पासाचं तत्त्वज्ञान वेगळं शिकवायला नको. पास खिशात असला की मधे ठाण्याला उतरून मामलेदारची मिसळ खाताना आपण तिकिटाचा विचार करत नाही. भाडं आधीच भरलेलं असतं, त्यामुळे उतरायचं की नाही हे फक्त भुकेवर ठरतं. सिनेमाच्या पासाचंही तसंच. तीनशे रुपये मोजून तिकीट काढायचं म्हटलं की माणूस घाबरट होतो. रिव्ह्यू वाचतो, रेटिंग बघतो, चार जणांना विचारतो आणि शेवटी ज्याची सगळीकडे जाहिरात आहे तोच सिनेमा बघतो. पास असला की नवख्या दिग्दर्शकाचा, नाव न ऐकलेल्या नटाचा सिनेमाही बघून येतो. फसला तर फसला! मध्यंतरात उठून घरी यायलाही जिवावर येत नाही.

"पण एकट्याने पिक्चर?" हो, एकट्याने. ऐरोलीहून सुटलं की ट्रान्सहार्बरने ठाणं, रिक्षाने कोरम मॉल, सिनेमा संपल्यावर स्लो लोकलने डोंबिवली. अडीच तास फोन बंद, टीम लीड बंद. रात्रीची लोकल सगळ्यांना जमणारी नाही, मान्य आहे. पण ज्यांना जमते त्यांनी "कंपनी नाही" हे कारण देऊ नये.

"असल्या स्कीमा बुडतात," हे आणखी एक पालुपद. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या मूव्हीपासकडे बोट दाखवायचं. मूव्हीपास बुडाली हे खरं. २०१७ मध्ये तिने दहा डॉलरच्या आत महिनाभर रोज एक सिनेमा देऊ केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये दुकान बंद केलं. पण का बुडाली? तिची स्वतःची थिएटरंच नव्हती. गिऱ्हाईकाच्या प्रत्येक तिकिटाचे पैसे ती थिएटरला खिशातून मोजत होती. थिएटरवाल्याचं गणित उलटं असतं. मंगळवारी रात्री त्याचा एसी आणि प्रोजेक्टर तसेही चालूच असतात. रिकाम्या खुर्चीत माणूस बसला तर त्याचं फारसं काही जात नाही, वर तो पॉपकॉर्न घेतो.

आता माझी खरी तक्रार. हा पास मराठी सिनेमासाठी वरदान ठरायला हवा होता. ठरत नाहीये.

आठवतंय? एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला संध्याकाळी ६ ते ९ चा प्राइम टाइम जाहीर केला. आरडाओरडा झाला आणि प्राइम टाइम ताणून दुपारी १२ ते रात्री ९ झाला. म्हणजे दुपारी सव्वाबाराचा शो लावला तरी कागदावर नियम पाळला! दुपारी सव्वाबाराला तुम्ही-आम्ही कुठे असतो? स्टँडअपमध्ये नाहीतर कँटीनच्या रांगेत.

एका मल्टिप्लेक्समध्ये (नाव नको) मंगळवार रात्रीचा मराठी शो "तिकिटं कमी गेली" म्हणून रद्द झाल्याचं मला काउंटरवर ऐकावं लागलंय. शुक्रवार ते रविवारच्या आकड्यांवरून पुढच्या आठवड्याचा निकाल लावायचा, आणि सोमवारपासून शोच नाहीत म्हणून प्रेक्षकच नाहीत म्हणायचं. असं लॉजिक मी कोडमध्ये लिहिलं तर रिव्ह्यूत हाकलून देतील.

'बाईपण भारी देवा' आठवा. ३० जून २०२३ ला आला आणि दुसऱ्या वीकेंडला पहिल्यापेक्षा जास्त कमावला. कशामुळे? बघून आलेल्या बायकांनी मैत्रिणींना सांगितलं म्हणून. हे सांगणं पोचायला दिवस लागतात, आणि ते दिवस म्हणजे सोमवार ते गुरुवार. ज्या चार दिवसांत छोट्या सिनेमाचं नशीब ठरतं, नेमक्या त्याच चार दिवसांचा प्रेक्षक या पासाने तयार केलाय. त्याला दाखवायला मराठी शोच ठेवायचा नाही, हा धंदेवाईक शहाणपणा मला तरी कळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसातनंतर, ठाणे-कल्याण-डोंबिवलीत प्रत्येक मल्टिप्लेक्समध्ये एक तरी मराठी शो. सक्ती नको, दोन महिने करून बघा.

आणि आपणही जरा हललं पाहिजे. मराठी सिनेमा मेला म्हणून फॉरवर्ड पाठवणाऱ्याने आधी सांगावं की शेवटचा मराठी सिनेमा थिएटरात कधी बघितला. आठवत नसेल तर पास काढा. पुढच्या मंगळवारी कुठला मराठी सिनेमा, कुठे, किती वाजता आहे ते शोधा. शो दिसला नाही तर काउंटरवर जाऊन विचारा. चार जणांनी दर आठवड्याला विचारलं की मॅनेजरला ऐकावंच लागतं.

असो. कामंधामं मलाही आहेत :)