कोकिळेची बदनामी

दुसऱ्याच्या जिवावर मोठ्या होणाऱ्या माणसाला आपण सहज कोकिळेची उपमा देतो. मला ती कधीच पटलेली नाही. आज त्याबद्दल थोडेसे.

वर्गात मी मुलांना आवर्जून सांगत असे, की 'कुहू कुहू' गातो तो काळाभोर नर. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, आवाज अगदी वेगळा. ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. पावशा आणि चातक त्याच कुळातले. त्यांची पिले सातभाई वाढवतात. युरोपातल्या कोकिळेचे पिलू तर डोळे उघडण्याआधीच यजमानाची अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलते. हे नीट पाहून १७८८ मध्ये लिहिले एडवर्ड जेन्नरने. होय, देवीच्या लसीवाला तोच. आपल्या कोकिळेचे पिलू मात्र सहसा असे करत नाही. आणि भारद्वाज? तोही याच कुळातला, पण घरटे स्वतः बांधतो, पिलेही स्वतः वाढवतो. तेव्हा सगळ्या कुळावर एकच शिक्का नको.

आता माणसांचे पाहू. अमेरिकेतल्या आमच्या नातेवाइकांना 'बोस्टन मार्केट' हे नाव ठाऊक असेल. १९८५ मध्ये बोस्टनजवळच्या न्यूटन गावात भाजलेल्या कोंबडीचे एक दुकान निघाले. घरच्यासारखे जेवण, तयार मिळणारे. लोकांना आवडले. १९९३ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी भाव दुपटीच्या वर गेला. पाचेक वर्षांत दुकाने हजारावर गेली.

गोम पुढेच आहे. नवी दुकाने काढणाऱ्यांना मूळ कंपनीच पैसे कर्जाऊ देई. त्या पैशातून ते कंपनीला हक्कशुल्क आणि व्याज भरत, आणि ते कंपनीच्या वहीत उत्पन्न म्हणून जमा होई. दुकानांचा तोटा मात्र दुकानदारांच्या वहीत! नफा आपल्या घरट्यात, तोट्याचे अंडे दुसऱ्याच्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २००० मध्ये मॅकडोनाल्ड्सने कंपनी घेतली, २००७ मध्ये विकली, २०२० मध्ये ती पुन्हा नव्या मालकाकडे गेली. त्यानंतर शेकडो दुकाने बंद पडली. २०२३ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या कामगार खात्याने २७ दुकानांचे काम थांबवले. कारण, कामगारांचे पगारच थकले होते.

मला खटकते ते हे. धंदा बुडू शकतो, त्यात लाज नाही. लोकांच्या आवडी बदलतात, स्पर्धा वाढते. पण ज्याने सकाळी येऊन भट्टी पेटवली, टेबले पुसली, त्याच्या घामाचे पैसे राहावेत? मालक येतात, जातात, कागद एकाकडून दुसऱ्याकडे फिरतात. शेवटचा तोटा पोचतो तो ज्याची कागदावर कुठे सहीसुद्धा नाही त्याच्याकडे. एवढ्या वर्षांत त्या पदार्थांना कोणी फारशी नावे ठेवली नसतील, तरी एवढे सगळे झाले.

कोकिळेला घरटे बांधायचे ठाऊकच नाही; ती निसर्गाने दिले तसे जगते. माणसाला घरटे बांधता येते, हिशेब ठेवता येतो, आणि कोणाचे देणे आहे तेही कळते. तरीही तो करतो, म्हणून दोष त्याचा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी अशा कोणाला नाव ठेवायचे झाले, तर त्याचेच ठेवा. त्या बिचाऱ्या पाखराला कशाला मध्ये ओढता?