दुष्काळाची जात

वडूजला सभेत एक वाक्य हमखास कानावर येतं : "दुष्काळाला जात नसते." टाळ्या पडतात. आपली पोरंही पिटतात, ते जास्त झोंबतं.

येरळेचं खोरं पर्जन्यछायेतलं, वर महादेवाचे उघडेबोडके डोंगर. कोरड सगळ्यांच्याच घशाला, कबूल. पण १९०१ साल आठवा. याच खटाव तालुक्यात, गोरेगावला, दुष्काळी कामावर तलाव खणत होते. रामजी सुभेदार तिथं कॅशियर. बापाकडं निघालेला भीमराव भाऊ-भाच्यांसोबत मसूर स्टेशनावर उतरला. महारांची पोरं म्हणून कुणी गाडी जुंपेना. दुप्पट भाडं मोजलं, गाडी स्वतः हाकली. गाडीवान बाजूनं चालला. शिदोरी सोबत होती, पण पाण्यावाचून पोरं उपाशीच झोपली. मुसलमान आहोत म्हटलं तरी नाकेदारानं पाणी दिलं नाही. ती तहान काय पावसानं लावली होती?

म्हणतील, ते दिवस गेले. गेले ना! आता हात कुणी धरत नाही, सातबारा धरतो. जिहे-कठापूर योजना कृष्णेचं पाणी उचलून इकडं आणते. लाभक्षेत्र मोजायचं हेक्टरात. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्यानं काय, काठावर बसून पाट बघायचा? सत्तरीच्या दशकात पुरंदरला विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटलं. भूमिहीनालाही हक्क दिला. म्हणजे करायचं म्हटलं की होतं.

तेव्हा मित्रहो, पुढच्या सभेत टाळ्या नकोत. मधेच उठा आन् विचारा : साहेब, भूमिहीनाचं पाणी कुठल्या रजिस्टरात लिवलंय?